पापणीला आठवते
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



आम्ही सरकारी खात्यातले डिप्लोमावाले, डॉक्टर नव्हे. पण एक वाक्य आम्हाला फार खटकते. "आजोबांना अंधारात दिव्याचं बटण बरोबर सापडतं, मग सकाळी कोण आलं होतं तेच कसं आठवत नाही? सोंग आहे सगळं!" मंडळी, आठवण एकाच प्रकारची नसते. याचा पुरावा आपल्या पापणीत आहे.

काचबिंदूच्या तपासणीत यंत्र डोळ्यावर हवेचा फुसकारा सोडते आणि पापणी आपोआप मिटते. आता दर वेळी फुसकाऱ्याच्या अर्धा सेकंद आधी एक सूर वाजवायचा. अशा बऱ्याच फेऱ्या झाल्या की पापणी सूर ऐकूनच, फुसकाऱ्याच्या आधी मिटू लागते. पाव्हलॉव यांच्या कुत्र्यांना खाणे येण्याच्या खुणेनेच लाळ सुटायची, तोच हा प्रकार.

अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाचे गृहस्थ होते. १९५३ साली, वयाच्या २७व्या वर्षी, फेफऱ्यावर उपाय म्हणून त्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग दोन्ही बाजूंनी बराचसा काढला. त्यानंतर नवे काही लक्षातच राहीना. तपासणाऱ्या बाईंची रोज नव्याने ओळख! त्यांच्यावर पापणीचा हाच प्रयोग झाला, तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. पापणी उशिरा, पण शिकली. दोन वर्षांनी, मध्ये काही सराव नसताना, पुन्हा बसवले. यंत्र आठवेना, माणसे आठवेनात. पापणीला मात्र एक-दशांश फेऱ्या पुरल्या.

कारण हा धडा लहान मेंदूत, डोक्याच्या मागच्या बाजूला, साठतो. रिचर्ड थॉम्पसन यांनी सशांवर हे दाखवले. तिथला एक छोटासा भाग निकामी केला की शिकलेली उघडझाप जाते, पण फुसकाऱ्याने मिटणे तसेच राहते. आम्हाला तर हे सर्वांत नवलाचे वाटते.

मात्र मोलेसन यांचा दाखला सरसकट लावू नये. अल्झायमरच्या रुग्णांत पापणीचे हे शिकणेही समवयस्क निरोगी माणसांपेक्षा बरेच कमी पडते. कोणाचे काय शाबूत आहे हे मेंदूच्या डॉक्टरांनीच तपासावे. बटण सापडते म्हणून आजोबांची उलटतपासणी घरच्यांनी घेऊ नये.