शोधाची सनद



'पेटंट' हा शब्द आता आळंदच्या बाजारपेठेतही नवा राहिलेला नाही. मराठीच्या परिभाषाकारांनी त्याला 'एकस्व' असा नेमका प्रतिशब्द दिला. तो शासकीय कोशांत स्थिरावला आणि लोकांच्या तोंडी मात्र पेटंटच रुळले. एकस्व म्हणजे एकट्याची मालकी, असा अर्थ या शब्दातून सहज निघतो. तो अर्धाच खरा आहे. पेटंट हा मुळात एक सौदा आहे. शोधकाने आपल्या युक्तीचे गुपित त्या विषयातील जाणकाराला वाचून तसेच करता येईल इतक्या तपशिलाने लिहून सरकारदरबारी मांडायचे, आणि त्याच्या मोबदल्यात सरकारने इतरांना ठरावीक वर्षे ती युक्ती वापरण्यास मनाई करण्याचा अधिकार त्याला द्यायचा. मुदत सरली की गुपित सर्वांचे. म्हणजे मालकी काही काळापुरती आणि लेखन कायमचे. ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने या विषयाकडे वळावे ते या दुसऱ्या अंगासाठी.

हिंदुस्थानात असा हक्क देणारा पहिला कायदा 1856 चा. त्याखाली कलकत्त्याचे एक अभियंता जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनी जो पहिला शोध नोंदविला, तो होता पंखा ओढण्याच्या यंत्राचा. या मुलखात वैशाख काढलेल्या माणसाला त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. त्यानंतर चाळीस वर्षांनी एका मराठी माणसाचे नाव विलायतेत शोधक म्हणून घेतले जाऊ लागले. ते शंकर आबाजी भिसे. 1867 साली मुंबईत जन्मलेल्या या गृहस्थाने 1897 मध्ये लंडनच्या एका नियतकालिकाने लावलेल्या स्पर्धेत बक्षीस मिळविले, ते किराणा दुकानासाठी रचलेल्या यंत्राबद्दल. साखर, पीठ यांसारखा सुटा माल आपोआप मोजून देणारे ते यंत्र होते. शोधकाची बुद्धी वाण्याच्या तराजूपासून सुरू झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

भिसे यांची खरी तपश्चर्या मात्र छपाईच्या खिळ्यांपायी झाली. शिशाच्या मिश्रधातूचे खिळे अधिक वेगाने आणि स्वस्तात ओतणारे यंत्र त्यांनी रचले. 'भिसोटाइप' या नावाने ते ओळखले गेले. लंडनमध्ये दादाभाई नवरोजींनी त्यांची पाठराखण केली, पुढे गोखल्यांच्या ओळखीने सर रतन टाटांचे भांडवल मिळाले आणि 1910 च्या सुमारास दोघांच्या नावांची एक मंडळीही उभी राहिली. पेटंटे हाती होती, यंत्र चालत होते. तरीही बाजार हाती आला नाही. बाजारात आधीपासून पाय रोवलेल्या मोठ्या कंपन्यांपुढे टिकण्यास लागणारे द्रव्यबळ एकट्या शोधकाला पुरेना. भिसे अमेरिकेस गेले आणि 1935 मध्ये न्यूयॉर्कमध्येच वारले. 'भारताचे एडिसन' अशी पदवी त्यांना मिळाली. परंतु सनद हातात असणे आणि सनदेचे फळ पदरात पडणे या दोन गोष्टी वेगळ्या, हे त्यांच्या चरित्रातून जितके स्पष्ट दिसते तितके ते पदवीतून कळत नाही. मराठी शालेय पुस्तकांनी त्यांच्यावर आणखी चार पाने खर्च केली असती, तर बरे झाले असते.

स्वातंत्र्यानंतर देशाने पेटंटाचा विचार नव्याने केला. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी 1959 मध्ये दिलेल्या अहवालातून 1970 चा कायदा घडला आणि 1972 पासून तो अमलात आला. त्यातील एक भेद मोठा विचारपूर्वक केलेला होता. अन्न आणि औषध या दोहोंच्या बाबतीत पदार्थावर पेटंट मिळणार नाही. मिळालेच तर तो पदार्थ तयार करण्याच्या कृतीवर, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षे. इतर शोधांना त्या वेळी चौदा वर्षांची मुदत होती. भुकेल्या आणि आजारी माणसाच्या तोंडचा घास कोणा एकाच्या मनाईहुकमावर अवलंबून राहू नये, हा त्यामागचा हेतू होता. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे 1 जानेवारी 2005 पासून हा भेद गेला आणि सर्वच पेटंटांची मुदत आता वीस वर्षांची आहे.

कृती आणि पदार्थ यांतला फरक आळंदकरांना समजावून सांगण्यासाठी तुरीच्या डाळीइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. तुरीची साल दाण्याला डिंकासारख्या थराने चिकटलेली असते. हरभऱ्याइतक्या सहजपणे ती सुटत नाही. म्हणून तुरीला तेलपाण्याचा हात लावायचा, ढीग करून मुरवायची, उन्हात पसरायची आणि मग भरडायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. ऊन नसले की काम थांबते, आणि साल सोडविता सोडविता दाण्याचाही भाग झिजून चुनीत जातो. शंभर किलो तुरीत साल बारा-पंधरा किलोंच्या आसपास असते. पण जुन्या पद्धतीत डाळ हाती येते ती सत्तर-पंचाहत्तर किलोच. मधले किलो जनावरांच्या आंबोणात जातात. 1950 साली म्हैसूरला स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने हा प्रश्न हाती घेतला. गरम हवेने दाणा तापवायचा, मग योग्य तितका ओलावा देऊन मुरवायचा, म्हणजे डिंकाचा थर सैल होतो आणि उन्हाची वाट पाहावी लागत नाही, अशी रीत तिने बसविली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने गावपातळीवर चालेल अशी लहान डाळगिरणी तयार केली. डाळ तीच, वरणही तेच. नवी होती ती फक्त रीत. अन्नातील शोध बहुतेक वेळा असा न दिसणारा असतो, आणि म्हणूनच त्याच्या शोधकांची नावे कोणाला ठाऊक नसतात.

याच तुरीची दुसरी कथा पेटंटाशिवाय घडली. मर रोगाने उभे पीक वाळून जाते, हे दुःख या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. रोगाची बुरशी जमिनीतच वर्षानुवर्षे दबा धरून राहते. त्यामुळे एकदा शेत लागले की पुढच्या हंगामाचीही धास्ती. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत महाराष्ट्रातून गोळा केलेल्या एका देशी वाणातून निवड करून मर रोगाला दाद न देणारा वाण काढण्यात आला. 1986 मध्ये तो कर्नाटकात 'मारुती' या नावाने प्रसारित झाला. त्यावर पेटंट नव्हते आणि आपल्या कायद्याप्रमाणे असूही शकत नव्हते. सरकारी बियाण्याच्या पिशव्यांतून तो जितका पसरला, तितकाच पाहुण्यारावळ्यांच्या उपरण्यात बांधलेल्या पसा-दोन पसा बियाण्यातूनही पसरला. मुळात शेतकऱ्याने राखलेले बी शास्त्रज्ञाच्या हातून शेतकऱ्याकडेच परत आले. ज्या शिवारांत तूर पेरण्याची हिंमत उरली नव्हती, तिथे ती पुन्हा उभी राहिली.

हक्क सोडल्यानेही शोध मोठा होतो, याचा दाखला संगणकांच्या जाळ्यातही सापडतो. एका इमारतीतील संगणक एकमेकांना जोडणाऱ्या 'ईथरनेट' या पद्धतीचे पेटंट झेरॉक्स कंपनीच्या चार संशोधकांना 1977 मध्ये मिळाले. कंपनीने ते नाममात्र शुल्कात कोणालाही वापरू दिले आणि म्हणूनच निरनिराळ्या कारखान्यांची यंत्रे एकाच तारेवर बोलू लागली. स्वित्झर्लंडमधील सर्न या संस्थेने तर 30 एप्रिल 1993 रोजी 'वर्ल्ड वाइड वेब'वरील आपला हक्क लेखी सोडून दिला. अशी जाळी अडवून ठेवण्यात मालकाचाही तोटा असतो, कारण माणसे जोडली गेली तरच तिला किंमत. आपल्या कायद्यातही नुसत्या संगणक-आज्ञावलीला पेटंट नाही, यावर आपल्याकडे बराच वाद झाला आहे. पण तो कायदेपंडितांवर सोपविलेला बरा.

पदार्थविज्ञानाकडे वळायचे, तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे नाव प्रथम घ्यावे लागते. पॉलिकार्बोनेट या कणखर, पारदर्शक प्लॅस्टिकच्या निर्मितीप्रक्रियेवर तिने अमेरिकेत पेटंटे मिळविली, तेव्हा त्या क्षेत्रातली बलाढ्य अमेरिकन कंपनीच तिच्याशी करार करण्यास पुढे आली. परंतु आळंदकरांच्या अधिक जवळची धातुविद्या बिदरला आहे. बिदरी भांड्याचा धातू म्हणजे मुख्यतः जस्त आणि त्यात थोडे तांबे. ओतीव भांडे घासून त्यावर नक्षी कोरायची, तीत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा, आणि शेवटी किल्ल्यातल्या जुन्या मातीत नवसागर कालवून त्या गरम लगद्याने भांडे माखायचे. जस्ताचा पृष्ठभाग काजळासारखा काळा होतो. चांदी मात्र शुभ्रच राहते. ही किमया त्या मातीतल्या क्षारांची. कोणती माती चालेल, हे कारागीर चिमूटभर जिभेवर ठेवून ठरवितो. या विद्येला पेटंट नाही, कारण तिचा कोणी एक शोधक नाही आणि ती नवीही नाही. तिला 2006 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि 2019 मध्ये कलबुर्गीच्या तूरडाळीलाही. हे मानांकन व्यक्तीचे नसते, प्रदेशाचे असते. मात्र ते नाव राखते, रीत राखत नाही. बिदरीच्या कृतीने दुसरीकडे कोणी भांडी केली, तर त्यांना 'बिदरी' म्हणण्यास मनाई होईल; कृती करण्यास नाही.

मग रीत कशाने राखली जाते? याचे उत्तर हळदीच्या खटल्यात मिळाले. मार्च 1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याबद्दल पेटंट मिळाले. अर्ज करणारे दोन्ही संशोधक भारतीय वंशाचे होते, ही त्यातली विशेष बोचरी बाब. चुलीपाशी बोट कापले की हळदीचा डबा उघडायचा, हे ज्या देशात पोरांनाही कळते, त्या देशाला हे चमत्कारिक वाटले. परंतु अमेरिकेचा त्या वेळचा कायदा असा होता, की परदेशात एखादी गोष्ट लोकांना ठाऊक आहे किंवा लोक ती वापरतात, एवढे पुरत नसे. ती तिथे छापून प्रसिद्ध झालेली असली पाहिजे. कोट्यवधी आजीबाईंची साक्ष त्या न्यायासनापुढे ग्राह्य नव्हती. एक छापील पान ग्राह्य होते.

वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर हे मूळचे गोव्यातील माशेलचे. त्यांच्या कारकिर्दीत परिषदेने ऑक्टोबर 1996 मध्ये फेरतपासणीचा अर्ज केला आणि त्यासोबत बत्तीस लेखी पुरावे जोडले. त्यांत संस्कृत, उर्दू आणि हिंदी ग्रंथ होते, काही शंभर वर्षांहून जुने. आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला 1953 सालचा एक लेखही होता. 1997 मध्ये अमेरिकी कार्यालयाने पेटंटातले दावे फेटाळले. कोणीतरी, कधीतरी, ही वरवर क्षुल्लक वाटणारी पुस्तके आणि अंक रद्दीत न घालता जपून ठेवले होते, म्हणून ते सापडले.

कडुनिंबाच्या तेलापासून बुरशीनाशक करण्याचे युरोपीय पेटंट 2000 मध्ये रद्द झाले आणि त्यावरचे अपीलही 2005 मध्ये फेटाळले गेले. तोवर भारताने आयुर्वेद, युनानी आणि सिद्ध वैद्यकाच्या ग्रंथांतील योग पाच परकीय भाषांत उतरवून त्यांचा अंकीय संग्रह परदेशी पेटंट कार्यालयांना उपलब्ध करून देण्याचे काम 2001 मध्ये हाती घेतले होते. त्या संग्रहाचा आधार मुख्यतः अभिजात ग्रंथांचा. गावोगावच्या रिती, घरगुती औषधांची बाडे, मोडी, कानडी, दखनी अशा लिपी-भाषांतले कागद त्यात कितीसे येणार? आळंदसारख्या ठिकाणी, जिथे एकाच घरात तूर मराठीत पेरली जाते, कानडीत विकली जाते आणि तिच्या उधारीच्या जुन्या पावत्या उर्दूत सापडतात, हा प्रश्न अधिकच टोचतो. निजामाच्या राजवटीत आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतरही या सीमाभागातली मराठी पुस्तके सरकारी आश्रयाने टिकलेली नाहीत. ती वर्गणीदारांनी टिकविली.

2013 पासून अमेरिकेचा कायदा बदलला आहे. जगात कुठेही उघडपणे वापरात असलेली गोष्ट आता तिथेही आधी ज्ञात असलेली मानली जाते. तरी उघडपणे म्हणजे केव्हापासून, हे ठरविताना तारखेचा कागद मागितला जातोच. रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या 'सूपशास्त्र' या पाकपुस्तकावर 1875 हे साल छापलेले आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या 'गृहिणी-मित्र'वर 1910. घरच्या मसाल्याच्या वहीवर आपल्याकडे बहुधा कोणीच तारीख घालत नाही.