माणूस टोकाला का जातो? : अभ्यासाची एक वेगळी वाट

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत तीनच शब्द ऐकू येतात : डॉक्टर, इंजिनिअर, फार्मसी. आज मी चौथ्या वाटेबद्दल बोलणार आहे. चांगल्या घरचा मुलगा टोकाच्या विचारांकडे का ओढला जातो आणि साथीच्या दिवसांत माणसे डॉक्टरपेक्षा अफवेवर विश्वास का ठेवतात, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारी ही वाट आहे. या शास्त्राला सामाजिक मानसशास्त्र म्हणतात.

हा प्रश्न आपल्या दारातलाच आहे. 2014 च्या मे महिन्यात कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंबरोबर इराकला गेले आणि तेथून 'इसिस'ला जाऊन मिळाले. त्यांच्यात इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते. एकजण त्याच वर्षी नोव्हेंबरात परतला आणि त्याला अटक झाली. गरिबी आणि अज्ञान हे नेहमीचे उत्तर येथे पुरे पडत नाही. शिवाय हा रोग एकाच समाजाचा आहे असेही नाही. 2008 साली ठाण्याच्या गडकरी रंगायतनात एका नाटकाच्या रागातून बॉम्बस्फोट घडविला गेला, माणसे जखमी झाली. 2011 साली त्या प्रकरणात शिक्षा झालेले दोघे हिंदू होते. धर्म वेगळा असला तरी मनाची घसरण सारखीच!

ही घसरण समजून घेण्यात ज्यांनी आयुष्य घालविले, त्यांत मुझफ्फर शेरीफ हे नाव मोठे आहे. त्यांचा जन्म 1906 साली तुर्कस्तानात झाला. लहानपणी त्यांनी युद्धातली माणसामाणसांतली वैरे डोळ्यांनी पाहिली. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी 1935 साली कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. 1954 साली त्यांनी अकरा-बारा वर्षांच्या बावीस मुलांचे शिबिर भरविले आणि त्यांचे दोन गट केले. गटांत चुरशीचे सामने लावताच थोड्याच दिवसांत शिव्या, झेंडे जाळणे, मारामाऱ्या सुरू झाल्या. मुले मुळात वाईट नव्हती. त्यांना एकत्र जेवायला बसविले, तर त्यांनी अन्न फेकून भांडणे केली. मात्र शिबिराचे पाणी बंद पडले आणि दोन्ही गटांना मिळून ते सुरू करावे लागले. अशी कामे एकामागून एक करता करता वैर ओसरले.

याच शेरीफ यांचे कोलंबियातील गुरू गार्डनर मर्फी 1950 साली भारत सरकारच्या विनंतीवरून आपल्याकडे आले. फाळणीनंतरच्या हिंदू-मुस्लिम तणावाचा अभ्यास त्यांनी भारतीय प्राध्यापकांच्या साह्याने केला. त्यात अलीगढ शहराचीही पाहणी होती.

शिबिरात घडले त्याचा पडताळा आपल्या जिल्ह्यातही मिळतो. भिवंडीत 1970 आणि 1984 साली भयंकर दंगली झाल्या. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसे वस्तीतल्या रोजच्या तक्रारी एकत्र बसून सोडवू लागली. 1992-93 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

आरोग्याचेही असेच आहे. उत्तर प्रदेशात पोलिओच्या डोसाबद्दल, याने मुले होत नाहीत, अशी अफवा पसरली होती. नुसत्या सरकारी हुकमाने ती हटली नाही. अलीगढ विद्यापीठ, जामिया मिल्लिया, जामिया हमदर्द आणि उलेमा पुढे आले, तेव्हा घरांची दारे उघडली. 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. तरी 2022 साली गोवर पसरला, तेव्हा मुंबई आणि भिवंडीत लस न घेतलेली मुलेच अधिक सापडली. ज्याच्यावर विश्वास बसतो त्याचेच माणूस ऐकतो, मग तो मौलाना असो, डॉक्टर असो की मोबाईलवरचा अनोळखी आवाज.

पालकहो, म्हणूनच माझी विनंती आहे. आज आपल्या वस्त्यांवर अहवाल लिहिले जातात, पण लिहिणारे बहुधा बाहेरचे असतात. आईच्या मनातली भीती, मुलाचे एकाकीपण, घरातली भाषा हे त्यांना प्रश्नावलीतून कळते. आपल्या मुलामुलींना ते जन्मापासून ठाऊक असते. अर्थात, आपला माणूस म्हणून त्याने आपल्या चुका झाकायच्या नाहीत. खरे तेच लिहायचे, ही या विद्येची पहिली अट आहे.

वाट लांब आहे. मानसशास्त्र घेऊन बी. ए., मग एम. ए., त्यानंतर नेट परीक्षा आणि पीएच. डी. मुंबई विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग कालिन्याला आहे. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याचेही शिक्षण मिळते. कल्याण, डोंबिवली, ठाण्याहून लोकलने जाऊन-येऊन शिकता येते. पगार उशिरा सुरू होतो, हे मी लपवीत नाही. परंतु वाचनाची आवड असलेल्या मुलीला 'आर्ट्सला काय ठेवलंय?' असे म्हणून गप्प करू नका.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यातून डॉक्टर तर होतीलच. पण रोग अंगाला होतो तसा मनालाही होतो. त्याची नाडी ओळखणारा एक तरी अभ्यासक या संस्थेतून निघावा, एवढी दुआ करून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज. जय हिंद.