संवाद हवा, पण विस्मरण नको
(भारत-चीन चर्चेचे भवितव्य या विषयावर एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



चीनशी चर्चा करावी की करू नये, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी भावनेच्या भरात विचारला जातो. एका बाजूला १९६२ ची जखम असते, दुसऱ्या बाजूला सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची स्मृती. चिनी जनतेची शुश्रूषा करता करता १९४२ मध्ये त्यांनी तिथेच देह ठेवला. चीनचे अनेक नेते भारतभेटीत त्यांच्या कुटुंबीयांना आवर्जून भेटत आले आहेत. परंतु जखम आणि स्मृती, या दोहोंवर परराष्ट्र धोरण उभे राहत नाही. ते उभे राहते अनुभवावर. म्हणून आज अनुभवाकडे वळू या.

१९५४ मध्ये पंचशील करार झाला आणि आठच वर्षांत, २० ऑक्टोबर १९६२ रोजी, चिनी सैन्याने आक्रमण केले. त्यानंतर थेट १९७६ मध्ये के. आर. नारायणन राजदूत म्हणून बीजिंगला गेले. फेब्रुवारी १९७९ मध्ये परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी चीनभेटीवर असतानाच चीनने व्हिएतनामवर हल्ला केला. अटलजी दौरा अर्धवट सोडून परतले. मात्र त्यांनी चर्चेचे दार बंद केले नाही. १९८१ मध्ये कैलास-मानसरोवर यात्रा पुन्हा सुरू झाली. पुढे पंतप्रधान या नात्याने २००३ मध्ये त्यांनीच सीमाप्रश्नासाठी दोन्ही देशांचे विशेष प्रतिनिधी नेमण्याची व्यवस्था घडवून आणली. अपमान विसरायचा नाही आणि चर्चाही टाळायची नाही, हा त्यातला धडा आहे.

मग अडले कुठे? १९८८ मधील राजीव गांधी यांच्या भेटीनंतर एक सूत्र रूढ झाले : सीमेवर शांतता राखायची, तोडग्याची बोलणी चालू ठेवायची आणि तोवर अन्य संबंध वाढवायचे. १९९३ आणि १९९६ चे करार याच सूत्रातून आले. पण ज्या प्रत्यक्ष नियंत्रण रेषेवर शांतता राखायची, ती रेषा दोघांनी मिळून नकाशावर कधी आखलीच नाही. २००० मध्ये केवळ मध्य विभागाच्या नकाशांची देवाणघेवाण झाली. २००२ मध्ये पश्चिम विभागाचे, म्हणजे लडाखचे, नकाशे समोर आले आणि चीनने हात आखडता घेतला. शेताचा बांधच ठरलेला नसेल, तर शेजारी रोज एक पाऊल पुढे टाकू शकतो. रेषा संदिग्ध ठेवण्यात कोणाचा लाभ होता, हे वेगळे सांगायला नको.

या संदिग्धतेची किंमत १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये कर्नल संतोष बाबू यांच्यासह आपल्या वीस वीरांनी चुकवली. करारान्वये बंदुका चालवायच्या नव्हत्या, म्हणून दगड आणि खिळे ठोकलेले दांडे चालले. शब्द पाळला गेला, विश्वास मात्र मारला गेला.

२१ ऑक्टोबर २०२४ रोजी देपसांग आणि देमचोक येथील गस्तीबाबत सहमती जाहीर झाली. दोनच दिवसांनी कझान येथे उभय नेत्यांची भेट झाली. २०२५ च्या उन्हाळ्यात कैलास-मानसरोवर यात्रा आणि ऑक्टोबरात थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाली. शिवशंभूच्या दर्शनाची वाट मोकळी झाली, याचा प्रत्येक भाविकाला आनंद आहे. तो आनंद मानावा. पण यात्रा सुरू होणे म्हणजे प्रश्न सुटणे नव्हे.

माझ्या मते चर्चेच्या यशाच्या कसोट्या तीन. पहिली, समोरासमोरचे सैनिक मागे सरले, हे पुरेसे नाही. पाठीमागे आणलेले सैन्य आणि शस्त्रसंभार मूळ ठिकाणी परत गेला पाहिजे. चुशूलच्या पशुपालकांना आपल्या पूर्वजांच्या कुरणांत निर्धास्तपणे गुरे नेता आली पाहिजेत. त्यांची वहिवाट हीच आपल्या दाव्याची जिवंत साक्ष आहे. दुसरी, रेषा कागदावर आली पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये विशेष प्रतिनिधींच्या बैठकीत सीमा आखणीच्या काही भागांत लवकर प्रगती साधण्यासाठी तज्ज्ञ गट नेमण्याचे ठरले. या गटाच्या हाती काय लागते, यावर लक्ष ठेवा. तिसरी, भारताच्या सुरक्षेविषयी चीनचे वर्तन. 'ऑपरेशन सिंदूर'च्या वेळी चीन पाकिस्तानला प्रत्यक्ष माहिती पुरवत होता, असे आपल्या लष्कराच्या उपप्रमुखांनी जुलै २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितले. एका हाताने हस्तांदोलन आणि दुसऱ्या हाताने शत्रूला बळ, ही मैत्री नव्हे.

आणि एक कसोटी आपली स्वतःची. २०२४-२५ मध्ये चीनबरोबरच्या व्यापारातील आपली तूट सुमारे ९९ अब्ज डॉलर होती. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ खनिजांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा आपल्या वाहन उद्योगाचा जीव टांगणीला लागला. ज्याच्या कारखान्याचा कच्चा माल समोरच्याच्या मुठीत, त्याचा आवाज वाटाघाटीच्या मेजावर चढत नाही. सीमेवरचे रस्ते, बोगदे आणि पूल जितके महत्त्वाचे, तितकेच आपले कारखाने आणि प्रयोगशाळा.

बंधु-भगिनींनो, शेजारी बदलता येत नाही. म्हणून संवाद हवा, आणि तो दीर्घकाळ, धीराने चालवावा लागेल. परंतु दुधाने तोंड पोळलेल्याने ताकही फुंकून प्यावे, यात भित्रेपणा नाही, शहाणपण आहे. सामर्थ्य जोपासणारा समाज पाठीशी असेल, तरच आपल्या प्रतिनिधीच्या शब्दाला वजन येईल. ते वजन देणे आपल्या हाती आहे.