पडदा आणि पॅडल
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात शिक्षकवर्गातर्फे केलेले भाषण)



महोत्सवी निधीतून शाळेसाठी संगणक व मोठे पडदे घ्यावेत, अशी सूचना आपणांपुढे आहे. तिला आम्हा शिक्षकांचा पाठिंबा आहे. मात्र त्या पडद्यापुढे बसून मूल काय करणार, हा प्रश्न खरेदीपूर्वी विचारला जावा, अशी आमची इच्छा आहे. त्यासाठीच एका कलावंत प्राध्यापकाची ओळख करून देत आहोत.

जेफ्री शॉ यांचा जन्म १९४४ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे झाला. जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे १९९१ मध्ये निघालेल्या दृश्यमाध्यम संस्थेचे ते पहिले संचालक. पुढे सिडनी व हाँगकाँग येथील विद्यापीठांतही त्यांनी काम केले.

१९८९ साली त्यांनी डर्क ग्रूनेव्हेल्ड यांच्यासह ‘द लेजिबल सिटी’, म्हणजे ‘वाचता येणारे शहर’, ही कलाकृती सिद्ध केली. दालनात जागीच पक्की बसवलेली एक सायकल आणि समोर भला मोठा पडदा. पॅडल मारले की पडद्यावरील रस्ता पुढे सरकतो. हँडल फिरवले की गल्ली वळते. पण रस्त्याच्या दुतर्फा घरे नाहीत. घरांच्या जागी अक्षरे उभी आहेत! न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागावर रचलेल्या पहिल्या शहरात अनेक पात्रांच्या कहाण्या आहेत. त्यांत टॅक्सीवाला आहे, तसा एक ठकही आहे. प्रत्येकाच्या कहाणीचा रंग निराळा. सरळ गेलात तर एकाची हकिकत वाचाल, चौकात वळलात तर दुसऱ्याची. १९९० च्या ॲम्स्टरडॅमच्या शहरात अक्षरांचा आकार तेथील खऱ्या इमारतींच्या मापाचा असून मजकूर जुन्या दप्तरांतला आहे. पाय थांबले की शहरही थांबते.

यातील मर्म आम्हा शिक्षकांना फार जवळचे वाटते. येथे यंत्र वाचून दाखवत नाही; वाचणाऱ्याला श्रम करावे लागतात आणि वाटही त्यानेच निवडायची असते. २००६ साली शॉ यांनी सारा केंडरडाइन यांच्यासह आपल्याच कर्नाटकातील हंपीवर अशी कलाकृती केली. तीतही प्रेक्षक फिरत्या मंचावर उभा राहून कोणत्या दिशेला वळायचे, हे स्वतः ठरवतो.

आपल्या बेळगावच्या मुलांना हे अवघड नाही. मराठी व कन्नड डावीकडून, उर्दू उजवीकडून, असे वाचतच ती वाढतात. बाजारातल्या पाट्या हेच त्यांचे अक्षरांचे शहर. मात्र पुष्कळांच्या घरी मोबाईल असला तरी अभ्यासाला कोपरा नसतो. बोटाने पडदा सरकवणे त्यांना शिकवावे लागत नाही. पडद्यावर स्वतःचे काही घडवणे मात्र शिकवावे लागते, आणि त्याला जागा शाळाच देऊ शकते.

म्हणून आमची विनंती अशी की, निधीतला काही भाग चित्रकला व हस्तव्यवसायाच्या तासांसाठी राखून ठेवावा. मुलांनी आपल्या गल्लीचा नकाशा काढावा, वडीलधाऱ्यांकडून तिथल्या हकिकती लिहून आणाव्यात आणि संगणकावर ती गल्ली उभी करावी. मोडकी सायकल आम्ही मिळवू. तिला संगणकाशी जोडणारे साहित्य व शिकवणारा माणूस एवढे ट्रस्टने द्यावे.

पुढील वार्षिक सभेस आपण याल, तेव्हा त्या सायकलवर बसण्याचा पहिला मान अध्यक्षमहाराजांना देऊ, असे आश्वासन देऊन आपली रजा घेतो.