वचन आणि वर्तन



 विषयाचे नाव वाचून काहींच्या मनात शंका आली असेल की, हे गृहस्थ आज आपणांस बाप्तिस्मा घ्या म्हणून सांगणार की काय! ती भीती नसावी. आज आम्हांला जे बोलावयाचे आहे ते मुख्यतः आमच्या स्वतःच्या समाजाला. आपण ते साक्षीदार म्हणून ऐकावे, आणि त्यातले काही उपयोगी वाटल्यास खुशाल घरी न्यावे.

प्रश्न साधा आहे. आम्ही ख्रिस्ती लोक रविवारी उपासनेला जातो, शास्त्रपाठ ऐकतो, गीते गातो. सोमवारी सकाळी दुकानाची फळी उघडते, कचेरीची घंटा होते, विहिरीवर भांडी वाजू लागतात. रविवारी ऐकलेले वचन सोमवारी कोठे असते? पुस्तकात असते, की हातात असते? हा प्रश्न केवळ ख्रिस्ती माणसाचा नाही. गीता वाचणाऱ्याला, कुराण वाचणाऱ्याला, हरिपाठ म्हणणाऱ्यालाही तो चुकलेला नाही.

याचे उत्तर शोधण्यासाठी यरुशलेमेपर्यंत जाण्याचे कारण नाही. नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली आपल्याच जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. ते वाचीत वाचीत मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले, आणि तेथे खिळून राहिले. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे ते पुढे सांगत असत.

येथपर्यंतची कथा आम्ही ख्रिस्ती लोक मोठ्या अभिमानाने सांगतो. पण तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या दिवशी टिळकांना जे मिळाले त्याची किंमत त्यांच्या पत्नीने मोजली. लक्ष्मीबाई त्या वेळी आपल्या नातलगांत होत्या. त्यांच्यावर आकाश कोसळले. चार-पाच वर्षे लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी ताटातुटीत काढली. सधवा असून नवऱ्याशिवाय, आणि लोकांच्या बोलण्याचा मारा सोशीत! ज्या प्रवचनाने पतीला मोहिनी घातली त्याच प्रवचनात असे सांगितले आहे की, वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि तुझ्या भावाचे मन तुझ्याविषयी दुखावलेले आहे हे तुला आठवले, तर अर्पण तेथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. पत्नीशी समेट व्हावयाचा होता. अर्पण मात्र आधी होऊन गेले होते. टिळकांविषयी पूर्ण आदर ठेवूनही हे म्हणावे लागते. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिताना यातले काहीही झाकून ठेविले नाही. पतीचा तापट स्वभाव, त्यांचा उधळा हात, प्रपंचातील त्यांचा भाबडेपणा, सारे त्यांनी हसत हसत मांडले आहे. त्यामुळेच त्या पुस्तकातील श्रद्धा खरी वाटते.

पुढे लक्ष्मीबाई पतीकडे आल्या, पण आपले सोवळे घेऊन आल्या. त्यांच्या वडिलांचे सोवळे विलक्षण होते. बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुतल्याशिवाय घरात घ्यावयाचे नाही, इतके. त्या घरात वाढलेल्या मुलीने ख्रिस्ती नवऱ्याच्या घरी स्वतःची चूल वेगळी मांडली, पाणी वेगळे ठेविले. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. डोंगरावरचे प्रवचन त्यांनी घरात खऱ्या अर्थाने आचरिले ते येथे, असे आम्हांला वाटते. आणि मग एके दिवशी त्या बाईच्या मनाने आपण होऊन हिशेब मांडला. माणसे देवाने केली. जाती कोणी केल्या? पशुपक्ष्यांत निरनिराळ्या जाती दिसतात. माणसांत दिसतात त्या दोनच, स्त्री आणि पुरुष. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे पाणी त्यांना चालू लागले, ज्यांना त्या काळी अस्पृश्य म्हणत त्यांच्याही हातचे. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, १९०० साली घेतला.

क्रम लक्षात घ्यावा. पतीच्या बाबतीत वचन आधी आले आणि वर्तन मागून, ठेचा खात आले. पत्नीच्या बाबतीत पाण्याचा तांब्या आधी बदलला, नाव मागाहून बदलले. एकाच घरात दोन वाटा! पण दोघांचीही कसोटी लागली ती उपासनेच्या जागी नव्हे, चुलीपाशी लागली. आम्हांला आज सांगावयाचे आहे ते एवढेच. जो जवळचा तोच कठीण असतो. साऱ्या जगावर प्रेम करणे सोपे आहे, कारण सारे जग आपल्या अंगणात भांडी घासावयास येत नाही.

ज्या नगरात १९३१ साली सर्व जातींना खुले असे पतितपावन मंदिर उभे राहिले, त्या रत्नागिरीत पाण्याची ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आम्हां ख्रिस्ती लोकांना मात्र ती पुनःपुन्हा सांगावी लागते. बाप्तिस्म्याने जात गेली असे आम्ही म्हणतो, आणि मुलीचे लग्न ठरविताना पूर्वीचे कुळ हळूच विचारतो. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी माणसे घरी जेवावयास बोलाविताना घरे निवडतात. हे जोवर चालू आहे तोवर आमचे वचन पुस्तकातच आहे.

दुसरे उदाहरण घाटावरचे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. संस्कृतातील त्यांचे पांडित्य पाहून कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली त्यांना सरस्वती ही पदवी दिली होती. अशा विदुषीने बायबलाचे भाषांतर करावयास घेतले तेव्हा तिच्या लेखणीतून संस्कृतप्रचुर मराठी उतरती तर नवल नव्हते. पण रमाबाईंनी भाषा साधी ठेविली. खेड्यातील अल्पशिक्षित बाईला वाचून कळावी, अशी. मूळ हिब्रू व ग्रीक भाषा त्यासाठी त्या स्वतः शिकल्या. केडगावच्या मुक्ति सदनात दुष्काळाच्या तडाख्यातून वाचलेल्या स्त्रिया आणि मुली होत्या. तेथेच छापखाना होता, आणि त्या स्त्रियांनीच खिळे जुळविले. १९२२ साली रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आले. ज्या मुलींना कोणी दारात उभे करीत नव्हते त्यांच्या हातांनी एकेक अक्षर उचलून शास्त्र छापले गेले! त्याच आवारात शेती होती, हातमाग होते, तेलाचा घाणा होता. रमाबाईंच्या लेखी प्रार्थना आणि घाणा ही दोन खाती नव्हती. पोटाला अन्न, हाताला काम आणि मनाला वचन हे एकाच वहीत लिहिलेले होते.

आता आपल्या गावाकडे येऊ. हा आंब्याचा हंगाम आहे. डोंगरावरच्या त्याच प्रवचनात सांगितले आहे की, शपथा वाहू नका. तुमचे होय ते होय असावे आणि नाही ते नाही. आंब्याच्या पेटीला हे लावून पाहावे. वरच्या थरात निवडक फळ आणि खालच्या थरात बारीक, डागी फळ भरले, तर पेटी वर होय म्हणते आणि खाली नाही म्हणते. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे दुसरीकडचे फळ आमच्या नावावर विकणाऱ्याला कायदा आडवा येतो. पण खालच्या थरापर्यंत कायद्याचा हात नेहमी पोचत नाही. तेथे फक्त भरणाऱ्याचा देव पोचतो, जर त्याने त्याला बरोबर आणले असेल तर.

आणि दुसरी गोष्ट, जी बोलताना आम्हांलाही अवघड जाते. कोकणात भाऊबंदकी कोणाच्या घरी नाही? चार झाडे, एक बांध, पाणंदीची वीतभर जागा, आणि दोन पिढ्या कोर्टाची पायरी! भाऊ मुंबईहून सणाला येतो, देवाला हार घालतो, आणि शेजारच्या ओटीवर बसलेल्या सख्ख्या भावाकडे न बघता परत जातो. आमच्याकडे नाताळात हेच होते. आपल्याकडे गणपतीत होते, एवढाच फरक. अर्पण तेथेच ठेवून आधी भावाकडे जा, हे वचन जणू कोकणासाठीच सांगितले असावे! त्यात दावा कोणाचा खरा हे आधी ठरवा, असे म्हटलेले नाही. आधी जा, एवढेच म्हटले आहे.

कोणी म्हणेल, असे वागून व्यवहार चालणार नाही. आक्षेप खोटा नाही. टिळकांच्या उदार हातामुळे लक्ष्मीबाईंना किती ओढाताण सोसावी लागली हे त्यांच्याच पुस्तकात आहे. वचन आचरणाऱ्याने त्याचे ओझे घरातल्या दुसऱ्या माणसाच्या डोक्यावर ठेवू नये, हा धडाही त्याच घरातून घ्यावा. परंतु नुकसान होते म्हणून वचन खोटे ठरत नाही. १९१९ साली टिळक वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते पुढे लिहून लक्ष्मीबाईंनी शेवटास नेले. शाळेची पायरी न चढलेल्या, एके काळी नवऱ्याच्या हातचे पाणी न घेणाऱ्या बाईने नवऱ्याचे अपुरे वचन पूर्ण केले! समेट याहून वेगळा काय असतो?

येथून घरी गेल्यावर आपण कोणते शास्त्र उघडाल हे आम्ही विचारीत नाही. आपापले उघडावे. फक्त मिटताना एक क्षण थांबून पाहावे की, उद्या सकाळी ते कोणाच्या दारात, कोणत्या पेटीत, कोणत्या तांब्यात उतरणार आहे. आम्हीही तेच करू.