शस्त्रक्रियेची रांग

बडोद्याच्या खंडेराव मार्केटची भव्य इमारत महाराज सयाजीराव गायकवाड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी उभारली. तिच्या दर्शनी भागी नगराचा कारभार चालतो, तर मागल्या बाजूस भाजी, फळे व फुले यांचा बाजार भरतो. बाजारात माल कितीही येवो, तो पुढे सरकतो तोलणारे काटे आणि वाहणारे हात यांच्या बेताने. दरवाजा रुंद केल्याने काटे वाढत नाहीत.

समजा, या बाजारात ओझी वाहणाऱ्या एखाद्या हमालाला हर्निया झाला आणि तो सरकारी रुग्णालयात गेला. त्याची शस्त्रक्रिया तास-दीड तासाची. परंतु तिच्यासाठी शल्यवैद्य, भूल देणारा डॉक्टर, परिचारिका, निर्जंतुक हत्यारे, टेबल आणि नंतरची खाट ही सहाही एकाच वेळी सिद्ध असावी लागतात. पाच असून सहावे नसले, तर पाचही खोळंबतात. म्हणूनच केवळ नवे शस्त्रक्रियागृह बांधून रांग हटत नाही. उणीव भूलतज्ज्ञाची असेल, तर नव्या खोलीतील दिवे तेवढे लागतात.

रांगेचेही शास्त्र आहे. डेन्मार्कचे गणिती एर्लांग यांनी 1909 साली टेलिफोनच्या संदर्भात त्याचा पाया घातला. त्यातील अगदी साधे गणित असे की, काम अनियमितपणे येत असता काम करणाऱ्याचा निम्मा वेळ भरलेला असेल, तर सरासरी एका कामाइतके थांबावे लागते. दहांपैकी नऊ हिस्से भरला, तर नऊ कामांइतके! अपुरी माणसे सतत जुंपून ठेवणे ही काटकसर दिसते खरी. पण तिची किंमत रांगेतला रोगी देतो.

हमालाची तारीख पुढे गेली की त्याची मजुरी बुडते. त्यातच आतडे अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर साध्या दुखण्याचे प्राणसंकट होते. मग त्याला तातडीने टेबलावर घ्यावे लागते, आणि त्यासाठी दुसऱ्या कोणाची ठरलेली शस्त्रक्रिया रद्द होते. अशी रांगच रांगेला वाढविते.

ही व्यथा एका नगराची नव्हे. जगातील सुमारे 5 अब्ज लोकांना वेळेवर, सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया लाभत नाही, असे 'लॅन्सेट' नियतकालिकाच्या आयोगाने 2015 साली म्हटले. दर लाख लोकसंख्येमागे शल्यवैद्य, भूलतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ मिळून किमान 20 असावेत, असे उद्दिष्टही त्याने सुचविले.

माणसे एका दिवसात घडत नाहीत. तोवर काही गोष्टी मात्र साधण्याजोग्या आहेत. रक्ताची व रक्तदाबाची तपासणी आधीच उरकावी, म्हणजे ऐनवेळी रोग्याला परत धाडावे लागणार नाही. तातडीच्या रोग्यांसाठी काही वेळ राखून ठेवावा. रद्द झालेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेचे कारण वहीत नोंदवावे. सहांपैकी नेमके काय अपुरे पडते, हे त्या वहीवरून कळेल, आणि पैसा तेथेच खर्चता येईल. आणि ओझे उचलून पोट भरणाऱ्याला निश्चित तारीख सांगावी. त्या तारखेवर त्याच्या घरची चूल अवलंबून असते.