सारागढीचा खाकी फेटा

2019 साली आलेला ‘केसरी’ चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. 12 सप्टेंबर 1897 रोजी समाना डोंगररांगेवरच्या सारागढी ठाण्यात 36व्या शीख पलटणीच्या 21 जवानांनी हजारो ओरकझाई-आफ्रिदी पठाण लढवय्यांना तासन्‌तास थोपवून धरलं. त्या 21 जणांतला एकही वाचला नाही. ही गोष्ट घरोघरी पोचली ती या चित्रपटामुळे, आणि त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. पण पडद्यावरचा, या तुकडीचा म्होरक्या हवालदार ईशरसिंग शेवटच्या लढाईला केशरी फेटा बांधून उतरतो. पलटणीचा फेटा खाकी होता.

नुसता रंग बदलला असता तर मी हा विषय काढला नसता. रंगाबरोबर माणूसही बदलला. चित्रपटातला ईशरसिंग गोऱ्या अधिकाऱ्याच्या तुच्छतेला उत्तर म्हणून लढतो. खरा ईशरसिंग राणीच्या फौजेतला पगारी हवालदार होता, पलटणीच्या इभ्रतीसाठी ठाणं न सोडणारा. समोरचे पठाण आपल्या मुलखात शिरलेल्या सत्तेशी झुंजत होते. हे मान्य केलं म्हणून ईशरसिंगचं शौर्य तसूभरही कमी होत नाही. अडचण आपली आहे: परक्या सत्तेसाठी लढलेला वीर आपल्याला पचत नाही. म्हणून आपण त्याच्या मनात आपल्या सोयीचे विचार घालतो.

आणि त्यात खरी गोष्ट मागे पडते. लॉकहार्ट आणि गुलिस्तान हे किल्ले एकमेकांच्या नजरेत नव्हते, म्हणून मधल्या उंचवट्यावर सारागढीचं ठाणं उभारलं. तिथे तिवईवर हेलिओग्राफ, म्हणजे कळ जोडलेला आरसा. कळ दाबली की आरसा किंचित कलतो आणि दूरच्या किल्ल्याला उन्हाचा कवडसा दिसतो, कधी लांब, कधी आखूड. शिपाई गुरमुखसिंग भर गोळीबारात असं एकेक अक्षर पाठवत होता. त्या दिवसाचा क्रम आज आपल्याला माहीत आहे तो या कवडशांमुळे. अखेरीस त्यानं लॉकहार्ट किल्ल्याकडे परवानगी मागितली: यंत्र बंद करून बंदूक हाती घेऊ का? होकार आल्यावरच त्यानं आरसा उतरवला. मरण दारात असताना परवानगी मागणारा हा पोरगा मला कुठल्याही रचलेल्या संवादापेक्षा मोठा वाटतो.

21 जणांना मरणोत्तर ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’ मिळालं. ठाण्यावरचा स्वयंपाकीही मारला गेला, पण लढाऊ शिपाई नव्हता म्हणून त्याला पदक नाही. चित्रपटानं त्याला जागा दिली, हे मात्र चोख काम.

उद्या आपल्या नामदेव जाधवांवर कुणी चित्रपट काढेल. 1945च्या एप्रिलमध्ये इटलीतल्या सेनिओ नदीवर या मराठा शिपायानं जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांतून मागे आणलं, मग एकट्यानं मशीनगनची ठाणी गप्प केली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ते निरोप्या होते, आणि गणवेश ब्रिटिश हिंदी सैन्याचा होता. दिग्दर्शकानं तो गणवेश तसाच ठेवावा, एवढंच माझं मागणं.